जुळ्यांतलं ‘बरं असलेलं’ बाळ

वेळेआधी जुळं झालेल्या आईबापांना माझं पहिलं सांगणं हे की, दोघांतलं जे बाळ बरं आहे म्हणून सगळे निर्धास्त असतात, त्याच्यावर नीट लक्ष ठेवा. नाजूक बाळाभोवती डॉक्टर, सिस्टर, मशीन सगळंच असतं. नजरेआड होतं ते दुसरं.

माझी जुळी एकतिसाव्या आठवड्यात झाली. मुलगा १५६० ग्रॅम, मुलगी १२४०. एनआयसीयूत शेजारशेजारच्या पेट्यांत दोघं, पायाला पट्टी, पट्टीवर माझं नाव आणि पुढे एक, दोन. मुलगी मधूनच श्वास घ्यायची थांबायची. मॉनिटर वाजला की सिस्टर पेटीच्या खिडकीतून हात घालून तिच्या तळव्यावर बोट घासायच्या. ती दचकायची, पाय आखडून घ्यायची आणि ऑक्सिजनचा आकडा हळूहळू वर चढायचा. एक सिस्टर म्हणाल्या, “ताई, आकडे आम्ही बघतो. तुम्ही बाळाचा रंग बघा, छाती कशी हलते ते बघा.” हे मी आता भेटेल त्या आईला सांगते.

तिथे आपल्याला काही कामच नाही असं वाटतं, पण तसं नसतं. पहिलं काम दुधाचं. इतक्या लवकर आलेल्या बाळांच्या आतड्यांना जीवघेणा आजार होऊ शकतो आणि आईच्या दुधाने तो धोका कमी होतो. चोखणं, गिळणं आणि श्वास यांचा मेळ साधारण ३४ आठवड्यांच्या आसपास बसतो, तोवर नळी आणि मग बोंडलं. दर दोन-तीन तासांनी, रात्रीसुद्धा, दूध काढा. चिकाचे चार थेंब आले तरी दोघांत वाटून द्यायला सांगा. कमी पडलं तर दूधपेढीची चौकशी करा, त्यात कमीपणा नाही. मुंबईत शीवच्या लोकमान्य टिळक रुग्णालयात डॉ. आर्मिडा फर्नांडिस यांनी १९८९ मध्ये दूधपेढी सुरू केली, ती आशियातली पहिली.

दुसरं काम बाळाला उघड्या छातीशी धरण्याचं. कांगारू पद्धत म्हणतात ती कोलंबियात बोगोटाला १९७८ च्या सुमारास सुरू झाली, पेट्या अपुऱ्या होत्या म्हणून. आता जागतिक आरोग्य संघटनाही, जन्मल्यापासून शक्य तितक्या लवकर आणि दिवसाचे किमान ८ तास बाळाला असं धरा, असं सांगते. जुळ्यांना एकटी आई पुरत नाही. बाबांनी शर्टाची बटणं सोडून बसावं. आमच्याकडे सासूबाईही बसल्या.

मुलगा महिना भरायच्या आत घरी आला. डिस्चार्ज कार्डावर वजन होतं, औषधं होती, लशींची तारीख होती. डोळ्यांबद्दल अक्षर नव्हतं आणि तोंडीही कुणी काही बोललं नाही. मुलगी अजून आतच होती, म्हणून तिचे डोळे तपासायला डॉक्टर पेटीपाशी आले. तपासून झाल्यावर त्यांनी पट्टीवरचा ‘दोन’ पाहिला आणि विचारलं, “एक नंबर कुठाय?” घरी आहे म्हटल्यावर म्हणाले, “आजच घेऊन या.”

मुलीचे डोळे चांगले निघाले. मुलाच्या डोळ्यांच्या पडद्यावर रक्तवाहिन्या वेड्यावाकड्या वाढायला लागल्या होत्या. दोन दिवसांत लेझर करावं लागलं. आज त्याला दिसतं. पण त्या डॉक्टरांनी तो प्रश्न विचारला नसता तर, हा विचार मनातून जात नाही. एका ओळीचीच तर नोंद. ती कार्डावर असायलाच हवी होती, याचा राग मला अजून आहे.

मुलाच्या डोळ्यांच्या या आजाराला आरओपी म्हणतात. पडद्यावरच्या रक्तवाहिन्यांची वाढ पोटात जवळपास नऊ महिने भरेपर्यंत चालते. बाळ आधी बाहेर आलं, त्यात ऑक्सिजन लागला, की ती बिघडू शकते. बाहेरून डोळा अगदी चांगला दिसतो, बाळ रडत नाही, काही कळत नाही. आपल्याकडचा नियम असा: ३४ आठवड्यांआधी जन्मलेल्या किंवा २ किलोहून कमी वजनाच्या बाळाची तपासणी जन्मापासून ३० दिवसांच्या आत व्हायला हवी. २८ आठवड्यांआधीचं किंवा १२०० ग्रॅमहून कमी असेल तर दोन-तीन आठवड्यांतच. थेंब घालून बाहुली मोठी करतात, बाळ जोरात रडतं, पण काही मिनिटांत तपासणी होते. आणि एकदा चांगलं निघालं म्हणून थांबायचं नाही. पडद्याची वाढ पूर्ण झाली असं डॉक्टर सांगतील तोवर दिलेल्या तारखांना जात राहायचं.

म्हणून दोघांच्या वह्या वेगळ्या करा. राउंडला “बाळं कशी आहेत?” असं विचारू नका, उत्तर नाजूक बाळाचंच मिळतं. एकेकाचं नाव घेऊन विचारा. घरी सोडताना प्रत्येकाच्या कार्डावर डोळे आणि कान या दोन्ही तपासण्यांची तारीख आहे का, ते काउंटरवर उभ्या उभ्या वाचा. नसेल तर तिथेच लिहून घ्या. लशी जन्मतारखेप्रमाणे द्यायच्या, पण मान धरणं, बसणं हे डॉक्टरांनी दिलेल्या प्रसूतीच्या तारखेपासून मोजायचं. आमचा मुलगा आधी बसला, मुलगी नंतर. नातेवाईक दोघांना शेजारी ठेवून बघायचे, तेव्हा मी वही उघडून दाखवायचे.