वाळीत, ग्रामण्य आणि पडद्यावरील संताप : पेण-रोहा परिसराच्या निमित्ताने

इंटरनेटवर एखाद्या व्यक्तीविरुद्ध संतापाची लाट उसळली की तिचे वर्णन करण्यासाठी मराठी भाषा आपल्या जुन्या शब्दांकडे वळते. 'समाजमाध्यमांनी त्यांना वाळीत टाकले', 'नेटकऱ्यांनी बहिष्कार घातला' अशी वाक्ये वृत्तपत्रांतून सहज येऊन जातात. 'ट्रोल करणे' हे क्रियापद मराठीत रुळले असले तरी ते वरवरचे वाटते. झालेल्या जखमेची खोली सांगावयाची असेल तर लेखणी 'वाळीत' या शब्दाचाच आधार घेते. हा आधार कितपत योग्य आहे, हे तपासणे वाङ्मयाच्या अभ्यासकाचे काम आहे. कारण उपमेय आणि उपमान यांतील अंतर विसरले गेले की दोहोंचे आकलन बिघडते. या तपासणीस रायगड जिल्ह्यातील पेण-रोहा हा टापू विशेष सोयीचा आहे. येथे 'वाळीत टाकणे' ही अलंकारिक भाषा नाही. ती गावकीची कृती आहे, आणि तिच्याविरुद्ध आज कायदा आहे.

'वाळणे' या क्रियापदाला सुकणे या अर्थाबरोबर वर्ज्य करणे, टाकणे असाही जुना अर्थ आहे. कोकणातील गावकीने एखाद्या घराला वाळीत टाकले म्हणजे त्या घराशी बोलणे थांबते. दुकानातून जिन्नस मिळत नाही, मजुरीला कोणी येत नाही, लग्नाचे आमंत्रण दिले-घेतले जात नाही आणि मयताला खांदेकरी जमत नाहीत. सर्वांत बोचणारी गोष्ट म्हणजे देवाची पालखी त्या दारावरून तशीच पुढे जाते. पालखीचे दारी येणे हा या भागात केवळ धार्मिक विधी नव्हे; ती गावाने घराला दिलेली ओळख असते. रोह्याच्या धावीर महाराजांच्या पालखीला पोलिसांची सशस्त्र मानवंदना मिळते, हे ध्यानी घेतले म्हणजे पालखी थांबणे आणि न थांबणे यांतील फरक किती मोठा असतो याची कल्पना यावी. वादाचे मूळ पाहू जाता ते पुष्कळदा जमिनीत, निवडणुकीत, लग्नसंबंधात किंवा देवस्थानाच्या हिशेबात सापडते. परंतु शिक्षा मात्र नेहमी एकाच स्वरूपाची असते : संभाषणातून वगळणे.

२०१३ नंतरच्या दोन-तीन वर्षांत रायगड जिल्ह्यातून अशा तक्रारी एकामागून एक बाहेर येऊ लागल्या. २०१४ मध्ये रोहे तालुक्यातील एका स्त्रीच्या आत्महत्येमागे वाळीचा जाच असल्याची तक्रार झाली, तेव्हा या प्रथेची चर्चा राज्यभर पोहोचली. पुढे महाराष्ट्र विधिमंडळाने एप्रिल २०१६ मध्ये सामाजिक बहिष्कारापासून व्यक्तींचे संरक्षण करणारा अधिनियम संमत केला आणि तो ३ जुलै २०१७ पासून अमलात आला. तीन वर्षांपर्यंतचा कारावास, एक लाख रुपयांपर्यंतचा दंड किंवा दोन्ही, अशी तरतूद त्यात आहे. पूर्वी मुंबई राज्याने १९४९ मध्ये केलेला बहिष्कृतीविरोधी कायदा सर्वोच्च न्यायालयाने १९६२ मध्ये, दाऊदी बोहरा समाजाच्या धर्मगुरूंच्या याचिकेवर, घटनाबाह्य ठरविला होता. म्हणजे मधली सुमारे अर्धशतकभर वाळीत पडलेल्या माणसाला त्याच्यासाठी खास असा कायदा नव्हता.

येथे पहिला भेद स्पष्ट होतो. गावकीची शिक्षा अबोल आहे. पडद्यावरील शिक्षा वाचाळ आहे. वाळीत पडलेल्याशी कोणीही बोलत नाही, आणि संतापाच्या लाटेत सापडलेल्याशी एकाच वेळी हजारो अनोळखी माणसे बोलतात. गावकी आपल्या माणसाला पिढ्यान्‌पिढ्या ओळखते. त्याचे शेत, त्याचे कर्ज, त्याच्या आज्याचे भांडण, सारे तिला ठाऊक असते. पडदा त्या माणसाविषयी एका वाक्यापलीकडे काहीच जाणत नाही. तेव्हा एकीत ओळख हेच हत्यार होते, दुसरीत अनोळख. दोहोंना एकच शब्द लावला की या दोन्ही दुःखांचे नेमके स्वरूप नजरेआड होते. त्यात अधिक अन्याय होतो तो रोह्याकडील वाळीत पडलेल्या घरावर. कारण शहरातील प्रसिद्ध लेखकाला आलेल्या चार शिव्या आणि या घराला नाकारलेले खांदेकरी एका मापाने मोजले जातात.

तथापि दोहोंमध्ये काही नाते आहे, आणि ते शोधावयाचे तर 'वाळीत' या शब्दापेक्षा 'ग्रामण्य' हा आज विस्मृतीत गेलेला शब्द अधिक उपयोगी पडतो. जातीच्या अधिकारावरून, आचारावरून सार्वजनिकरीत्या उठविलेला वाद म्हणजे ग्रामण्य. प्रबोधनकार ठाकरे यांनी १९१९ मध्ये या ग्रामण्यांचा इतिहासच लिहिला. पनवेलच्या या लेखकाला हा विषय पुस्तकी नव्हता, हे सांगावयास नको. ग्रामण्यात आरोप असतो, आरोपाला प्रसिद्धी असते, पक्ष पडतात आणि पत्रव्यवहाराचा पाऊस पडतो. मुद्रणाचे युग आल्यावर या प्रकाराने जे रूप घेतले त्याचा उत्तम नमुना म्हणजे पुण्याचे पंचहौद प्रकरण.

१४ ऑक्टोबर १८९० रोजी पुण्यातील पंचहौद मिशनमध्ये व्याख्यानानंतर आलेल्या मंडळींपुढे चहा-बिस्किटे ठेवण्यात आली. कोणी चहा घेतला, कोणी यजमानाचा मान राखण्यापुरता पेला हाती धरला, कोणी तो तसाच ठेवला. पुढे गोपाळराव जोशी यांच्या खटपटीने उपस्थितांची नावे 'पुणे वैभव' पत्रात छापून आली आणि शहरात वणवा पेटला. छापील यादीला चहा पिणारा आणि न पिणारा हा भेद ठाऊक नव्हता. हजेरी हाच गुन्हा झाला. त्या यादीत टिळक होते, रानडे होते. प्रकरण शंकराचार्यांकडे गेले आणि त्यांनी शास्त्र्यांचे चौकशी मंडळ नेमले. टिळकांनी आपली बाजू शास्त्राधारे मांडली. रानड्यांनी १८९२ मध्ये मित्रांची कौटुंबिक अडचण दूर व्हावी म्हणून प्रायश्चित्त घेतले आणि सुधारकांचा रोष ओढवून घेतला. रमाबाई रानडे यांच्या 'आमच्या आयुष्यातील काही आठवणी' (१९१०) या ग्रंथात या प्रसंगाची व्यथा आली आहे. सनातन्यांपेक्षा आपल्याच पक्षाचा रोष अधिक जिव्हारी लागतो, ही आज परिचित झालेली गोष्ट त्या पानांवर पूर्वीच नोंदली गेली आहे.

या प्रकरणाचा हास्यास्पद भाग बाजूला ठेवला तरी एक गोष्ट शिल्लक राहते. ग्रामण्याला सुनावणी होती आणि परतीची वाट होती. ती वाट अपमानाची होती, खर्चाची होती, अनेकदा पंचांच्या खिशाची होती. रायगडातही गावात परत येण्यासाठी दंड मागितल्याच्या तक्रारी झाल्याच आहेत. म्हणून त्या व्यवस्थेविषयी हळहळण्याचे कारण नाही. आरोप करणारेच न्यायाला बसत. पण कोणी तरी बसत होते. पडद्यावरील संतापात सुनावणीला बसणारा कोणीच नसतो, त्यामुळे प्रायश्चित्त कोणापुढे घ्यावयाचे हेही ठरत नाही. माफी मागितली तर ती नव्या संतापाचे निमित्त होते.

अफवेचे काय, हा प्रश्न या संदर्भात अटळ आहे. त्याचे उत्तर याच जिल्ह्याने, तेव्हाच्या कुलाब्याने, विजेच्या तारांशिवाय दिले होते. २० मार्च १९२७ रोजी महाडला चवदार तळ्याचे पाणी घेऊन परिषदेचे लोक परतल्यावर, ते आता वीरेश्वराच्या देवळात शिरणार अशी आवई उठली आणि जमावाने जेवत असलेल्या, परतीच्या वाटेवर असलेल्या प्रतिनिधींवर हल्ला केला. बातमी खोटी होती; पण तिला खरे मानण्याची तयारी आधीपासून होती. पुढच्याच महिन्यात, ३ एप्रिल १९२७ रोजी डॉ. आंबेडकरांनी आपल्या पाक्षिकाला 'बहिष्कृत भारत' हे नाव दिले आणि ज्या शब्दाने गावकी माणसाला गप्प करते तोच शब्द बोलण्याचे साधन केला. सार्वजनिक संताप हा सर्वथा त्याज्य, असे म्हणणाऱ्यांनी या नावाचा विचार करावा. दुबळ्याचा संताप आणि जमावाचा संताप पडद्यावर सारखेच दिसतात, ही त्या माध्यमाची मोठी उणीव होय.

येथवर समाजशास्त्राचा प्रदेश झाला. वाङ्मयाच्या अभ्यासकाला स्वतःचे असे काही सांगता येईल का? मम्मटाने 'काव्यप्रकाशा'च्या तिसऱ्या उल्लासात अर्थाची व्यंजकता ज्या घटकांमुळे संभवते त्यांची गणना केली आहे : वक्ता, बोद्धव्य म्हणजे ज्याला उद्देशून बोलले तो, काकु म्हणजे स्वराचा हेल, वाक्य, वाच्य, दुसऱ्या कोणाचे सान्निध्य, प्रस्ताव, देश, काल. हे सारे घटक बदलले की तेच वाक्य दुसरा अर्थ देते. पडद्यावर फिरणाऱ्या वाक्याला ही फूटपट्टी लावून पाहावी. वक्ता नावापुरता उरतो. बोद्धव्य बदललेला असतो. काकु तर लिपीत उतरतच नाही. प्रस्ताव कापला जातो. देश आणि काल पुसले जातात. उरते फक्त वाच्य. ज्या संतापाला आपण नैतिक म्हणतो त्याचा बराचसा भाग वाचनदोषाचा असतो, तो असा.

याचे पडद्यापूर्वीचे उदाहरण पेण तालुक्याच्या सुपुत्राचे आहे. गागोदे येथे ११ सप्टेंबर १८९५ रोजी जन्मलेल्या विनोबांनी २५ डिसेंबर १९७४ पासून वर्षभराचे मौन घेतले होते. मौनाच्या मध्येच, जून १९७५ मध्ये, आणीबाणी पुकारली गेली. त्या काळात विनोबांचे 'अनुशासन पर्व' हे दोनच शब्द बाहेर आले. महाभारतातील एका पर्वाचे ते नाव. सरकारने त्या शब्दांची घोषणा केली आणि भिंतीभिंतींवर ती रंगविली. विरोधकांनी त्याच दोन शब्दांवरून विनोबांना 'सरकारी संत' ठरविले. वृत्तपत्रांवर नियंत्रण असल्याने हा रोष मोकळेपणी छापला जाणे कठीण होते, पण तो टिकला आणि विनोबांच्या नावाला आजतागायत चिकटून राहिला. मौन सुटल्यावर विनोबांनी आपला आशय मांडला : शासन सत्तेचे असते, अनुशासन आचार्यांचे. हा खुलासा घोषणेइतका कधीच पोहोचला नाही. विनोबांची भूमिका पुरेशी होती की नाही, यावर मतभेद राहतील. त्या काळात तुरुंगात असलेल्यांना ती अपुरी वाटली तर त्यात नवल नाही. पण येथे मुद्दा वाचनाचा आहे. गौरव करणाऱ्यांनी आणि धिक्कार करणाऱ्यांनी एकच चूक केली. दोघांनीही प्रस्ताव सोडून वाच्य उचलले, आणि वक्ता मौनात असल्याने काकु विचारण्याची सोयच नव्हती.

नोव्हेंबर २०१२ मध्ये पालघरला हीच चूक काही तासांत घडली. बाळासाहेब ठाकरे यांच्या निधनानंतर मुंबई बंद का, असा सवाल करणारा मजकूर एका तरुणीने फेसबुकवर लिहिला. तिच्या मैत्रिणीने तो पसंत असल्याची खूण केली. जमावाने पहिलीच्या काकांच्या रुग्णालयाची नासधूस केली आणि पोलिसांनी दोघींना अटक केली. पसंतीची खूण करणारी मुलगी आणि पंचहौदातील नुसता पेला हाती धरणारा गृहस्थ यांच्यात एकशे बावीस वर्षांचे अंतर आहे. यादी मात्र तशीच आंधळी आहे. पुढे हे प्रकरण मागे घेतले गेले आणि ज्या कलमाखाली असे गुन्हे नोंदविले जात ते माहिती तंत्रज्ञान अधिनियमातील ६६ अ हे कलम सर्वोच्च न्यायालयाने २४ मार्च २०१५ रोजी रद्द केले. कलम गेले, दारापर्यंत येणारा जमाव कलमाची वाट पाहत नव्हता.

मराठी वाङ्मयव्यवहाराला याची झळ डिसेंबर २०२२ मध्ये लागली. कोबाड गांधी यांच्या 'फ्रॅक्चर्ड फ्रीडम' या पुस्तकाच्या अनघा लेले यांनी केलेल्या मराठी अनुवादाला राज्य शासनाचा वाङ्मय पुरस्कार जाहीर झाला. समाजमाध्यमांवर टीका सुरू झाली आणि १२ डिसेंबरच्या शासन निर्णयाने पुरस्कार रद्द झाला, निवड समितीही बरखास्त झाली. निषेध म्हणून काही लेखकांनी शासकीय मंडळांचे राजीनामे दिले. पुस्तकाच्या विचारसरणीविषयी कोणाचे काहीही मत असो. पुरस्कार अनुवादाला होता, आणि अनुवाद कसा आहे हा प्रश्न त्या आठवड्यात जवळजवळ कोणीच विचारला नाही. टीका करणाऱ्यांनी नाही आणि बचाव करणाऱ्यांनीही नाही. महाविद्यालयातून अनुवादविद्या शिकविणाऱ्यांना ही गोष्ट अस्वस्थ करणारी वाटावयास हवी. पंचहौद प्रकरणी शास्त्र्यांनी निदान कोण चहा प्यायले याची चौकशी केली होती.

आता पेण-रोहा भागात या दोन्ही प्रवाहांचा संगम होण्याची शक्यता आहे, आणि अभ्यासकांचे लक्ष तिकडे जावयास हवे. गावकीची बैठक, पालखीची वेळ, मयताची खबर, मुंबईतील चाकरमान्यांकडून घ्यावयाची वर्गणी ही सारी आज भ्रमणध्वनीवरील गावच्या व्हॉट्सॲप समूहातून कळविता येतात. अशा समूहातून एखाद्या घराचे नाव काढून टाकले तर त्यात एक शब्दही उच्चारला जात नाही. वाचाळ माध्यमात अबोल वाळ घडते. समूह चालविणारा म्हणेल, हा खाजगी व्यवहार आहे, येथे कोणाला घ्यावे ही आमची मर्जी. काढलेले घर म्हणेल, मयताची खबर आम्हांला कळली नाही आणि आमच्या मयताची कोणाला कळणार नाही. २०१६ च्या अधिनियमातील 'बहिष्कार' या शब्दात ही कृती बसते की नाही, हे कधीतरी माणगाव-अलिबागच्या एखाद्या न्यायालयात ठरवावे लागेल, आणि तेथेही प्रथम विचारावे लागेल ते हेच : नाव कोणी काढले, कोणाच्या सांगण्यावरून, कोणत्या प्रसंगी, आणि त्या दिवशी गावात काय चालले होते.