दोन याद्यांचें मीलन

वर्षाअखेर वर्गशिक्षक प्रगतिपुस्तकें लिहावयास बसतात तेव्हां त्यांच्यापुढें दोन कागद असतात. एकावर हजेरीपटांतील क्रमांक व नांवें, दुसऱ्यावर क्रमांक व परीक्षेचे गुण. डाव्या हाताचें बोट एका कागदावर, उजव्याचें दुसऱ्यावर. क्रमांक जुळला कीं नांव व गुण एका ओळींत उतरावयाचे आणि दोन्ही बोटें खालीं सरकवावयाचीं. एखादा विद्यार्थी परीक्षेस गैरहजर असेल, तर दुसऱ्या कागदावर त्याचा क्रमांक सांपडत नाहीं. मग डावें बोट एक ओळ खालीं उतरतें व उजवें जागींच थांबतें. या कामांत कांहीं शास्त्र आहे असें कोणाच्या मनांतही येत नाहीं. परंतु संगणकाकडून हेंच काम करवून घेणारी एक लहानशी आज्ञा आहे. तिचें नांव 'जॉइन'.

ही युक्ति संगणकाहूनही जुनी आहे. अमेरिकेच्या १८९० सालच्या खानेसुमारींत हर्मन हॉलरिथ यानें छिद्रें पाडलेलीं कार्डें मोजणारीं यंत्रें चालविलीं. पुढें १९३७ सालीं आयबीएम कंपनीनें असें यंत्र काढलें कीं, कार्डांचे दोन गठ्ठे त्यांत ठेविले म्हणजे तें त्यांची तुलना करून जुळणारीं कार्डें एकत्र करी. अमेरिकेंतील बेल प्रयोगशाळेंत १९६९ पासून केन थॉम्पसन, डेनिस रिची व त्यांचे सहकारी यांनीं 'युनिक्स' नांवाची संगणकप्रणाली रचिली. तिच्या १९७९ सालच्या सातव्या आवृत्तींत जॉइन ही आज्ञा होती. आजही ती त्याच नांवानें चालते. तिला चित्रें नाहींत, बटणें नाहींत. पडद्यावर आज्ञेचें नांव व दोन फायलींचीं नांवें टंकिलीं कीं काम झालें.

तिची एक अट मात्र कडक आहे. दोन्ही याद्या जुळवावयाच्या रकान्याप्रमाणें आधींच क्रमवार लाविलेल्या असल्या पाहिजेत. कारण उघड आहे. प्रत्येकीं हजार ओळींच्या दोन याद्या अस्ताव्यस्त असतील, तर एकेका नांवासाठीं दुसरी यादी वरपासून खालपर्यंत चाळावी लागेल. तुलनांची संख्या दहा लाखांपर्यंत जाईल. त्याच याद्या क्रमवार असतील, तर बोटें केवळ खालींच सरकतात व सुमारें दोन हजार तुलनांत काम उरकतें. क्रम लावण्याचें काम 'सॉर्ट' ही दुसरी आज्ञा करिते. येथें विद्यार्थ्यांनीं एक गोष्ट ध्यानांत ठेवावी. जॉइनला अक्षरांचा क्रम समजतो, संख्यांचा नव्हे. तिच्या लेखीं १० हा आंकडा २ च्या आधीं येतो, जसा शब्दकोशांत 'कमळ' हा शब्द 'ख' च्या आधीं येतो.

आतां आमच्याच जिल्ह्याचें एक उदाहरण घेऊं. गोंदिया जिल्ह्यांत आठ तालुके आहेत: अर्जुनी मोरगांव, आमगांव, गोंदिया, गोरेगांव, तिरोडा, देवरी, सडक अर्जुनी व सालेकसा. विद्यार्थ्यांकडून मीं या नांवांची एक फाईल करविली. दुसरी फाईल महाराष्ट्रांतील रेल्वे स्थानकांची. तींत स्थानकाचें नांव व तें कोणत्या रेल्वेचें, हे दोन रकाने. 'जंक्शन' हा शब्द आम्हीं मुद्दाम गाळला होता. कोणत्या तालुक्याच्या गांवीं स्थानक आहे, एवढेंच पाहावयाचें होतें.

पहिल्या खेपेस सहा ओळी आल्या. त्यांत अर्जुनी मोरगांव होतें, म्हणून मुलें खूष झालीं. परंतु ती ओळ चुकून बरोबर आली होती. वेगळें कांहीं सांगितलें नाहीं तर जॉइन मोकळ्या जागेला रकान्यांमधील सीमा समजते. म्हणून तिनें 'अर्जुनी' हा एक रकाना व 'मोरगांव' हा दुसरा धरिला. तेथील स्थानकाचें नांव नुसतें 'अर्जुनी' असल्यामुळें जुळणी झाली! मग आम्हीं दोन्ही फायलींत स्वल्पविराम घातले आणि 'टी' या अक्षराच्या खुणेनें सीमा म्हणजे स्वल्पविराम असें आज्ञेस बजाविलें. तेव्हां पांचच ओळी आल्या. शिस्त वाढली आणि अर्जुनी मोरगांव गळालें. (स्वल्पविरामही सर्वत्र निर्धोक नाहीं. गोंदिया जिल्ह्याची २०११ ची लोकसंख्या १३,२२,५०७ अशी लिहिली, तर एका संख्येचे तीन रकाने होतात.)

यादींत देवरी व सडक अर्जुनी हींही नव्हतीं. हीं दोन्ही महामार्गावरचीं गांवें. त्यांच्या नांवाचें स्थानक नाहीं, तेव्हां तीं न येणें योग्यच. पण तीं आलीं नाहींत हें आज्ञेनें सांगितलें नाहीं. जी ओळ जुळत नाहीं ती जॉइन निमूटपणें सोडून देते. पडद्यावर ना सूचना, ना तक्रार. तालुके आठच असल्यामुळें आम्हांस तें दिसलें. शिष्यवृत्तीस पात्र मुलांची यादी व बँकेच्या खात्यांची यादी अशी जुळविली, आणि चारशें नांवांतून तीन गळालीं, तर तें कोणास दिसणार? त्या तीन घरीं मात्र पैसे येणार नाहींत. यासाठीं आज्ञेसच एक सोय ठेविलेली आहे. 'व्ही' या अक्षराची खूण करून पहिल्या फाईलचा आंकडा दिला, तर पहिल्या यादींतील न जुळलेल्या ओळी तेवढ्या छापून येतात. 'ए' ची खूण केली तर जुळलेल्या व न जुळलेल्या दोन्ही येतात. माझ्या मतें मुख्य यादीच्या आधीं ही उरलेल्यांची यादी वाचावी.

न जुळण्यास फार मोठें कारण लागत नाहीं. या लेखांत 'गांव' हा शब्द अनुस्वार देऊन लिहिला आहे. १९६२ च्या शुद्धलेखनाच्या नियमांनंतर तो अनुस्वार गेला. 'आमगांव' व 'आमगाव' हें एकच गांव आहे हें येथील लहान मूलही सांगेल. संगणकास मात्र तीं दोन गांवें. इंग्रजी कागदांतही खानेसुमारीचें खातें जिल्ह्याच्या नांवांत एक 'वाय' अक्षर अधिक घालतें, तें रेल्वे घालीत नाहीं.

राहिली गोरेगांवची ओळ. ती जुळली होती. तिच्यापुढें मात्र 'पश्चिम रेल्वे' असें छापलें होतें, आणि बाकीच्या चारांपुढें 'दक्षिण पूर्व मध्य रेल्वे'. मुंबईचें गोरेगांव आमच्या तालुक्यास येऊन चिकटलें होतें! ही चूक न जुळलेल्यांच्या यादींत कधींच सांपडावयाची नाहीं, कारण आज्ञेच्या दृष्टीनें ती चूकच नव्हे. गळालेलें नांव निदान शोधतां येतें. भलत्याशीं जुळलेलें नांव खरें म्हणून पुढें चालतें.

याच कारणास्तव खानेसुमारींत जिल्ह्यांस व गांवांस सांकेतिक क्रमांक देतात. २०११ च्या खानेसुमारींत गोंदिया जिल्ह्याचा क्रमांक ५०७ आहे. शाळेंत जनरल रजिस्टरचा क्रमांक असतो, तो याच जातीचा. एका वर्गांत एकाच नांवाच्या दोघी असूं शकतात. त्यांचे रजिस्टर क्रमांक वेगळे असतात. पण क्रमांकही सर्व काळ तोच राहतो असें नाहीं. २००१ च्या खानेसुमारींत आमच्या जिल्ह्याचा क्रमांक ११ होता. आणि १९९१ च्या फायलींत गोंदिया जिल्हा शोधूं गेल्यास ती ओळच नाहीं, कारण हा जिल्हा भंडाऱ्यांतून वेगळा झाला तो १ मे १९९९ रोजीं.

तेव्हां १९९१ व २०११ च्या फायली जिल्ह्याच्या नांवावर जुळविल्या तर काय होतें पाहा. गोंदिया गळतो. भंडारा जुळतो, व त्याच्या ओळींत १९९१ ची लोकसंख्या सुमारें २१ लाख आणि २०११ ची १२,००,३३४ अशी शेजारीं शेजारीं येते. वाचणारास वाटावें, वीस वर्षांत नऊ लाख माणसें नाहींशीं झालीं. वास्तविक भंडारा व गोंदिया यांची २०११ ची बेरीज २५,२२,८४१ होते. ही बेरीज व्हावी म्हणून एक तिसरी लहान फाईल करावी लागते: पहिल्या रकान्यांत आजचा जिल्हा, दुसऱ्यांत १९९१ चा. तींत आपल्यासाठीं दोनच ओळी पुरतात. गोंदिया, भंडारा, भंडारा, भंडारा. त्या दोन ओळी मात्र ज्यास हा इतिहास ठाऊक आहे अशा माणसासच हातानें लिहाव्या लागतात.