मुळा-कोबीवरील काळी अळी : तिची ओळख व अवस्था

पुणें शहरालगत हडपसर, मांजरी या बाजूस बागाईत जमिनींत भाजीपाला पुष्कळ होत आला आहे. दिवाळीच्या सुमारास मुळा, कोबी, नवलकोल यांच्या कोंवळ्या रोपांचीं पानें एकाएकीं चाळणीसारखीं दिसूं लागलीं, म्हणजे बागाईतदार "अळी पडली" एवढेंच म्हणतो व दुकानांत मिळेल तें औषध आणतो. आम्ही महसूल खात्यांत कारकुनी केली. तेथील पहिला धडा असा कीं, पाहणींत पिकाची नोंद चुकली म्हणजे पुढील सर्व आकारणी चुकते. अळीच्या बाबतींतही हाच न्याय लागू आहे.

वर्ग.— ही अळी मोहरीवरील करवती माशीची होय. शास्त्रीय नांव अथेलिया लुगेन्स प्रॉक्सिमा. हिला माशी म्हणतात खरें, परंतु ही घरमाशीच्या वर्गांतली नसून मधमाशी व गांधीलमाशी यांच्या वर्गांतली आहे. मात्र हिला नांगी नाहीं व कंबरही बारीक नाहीं. अंग नारिंगी, डोकें काळें व पंख धुरकट असतात. मादीच्या पोटाच्या टोंकास करवतीसारखें दांतेरी अवजार असतें, त्यावरून हें नांव पडलें.

अवस्था.— या अवजारानें मादी पानाच्या कडेजवळ चीर पाडून तींत एकेक अंडें घालते. एक मादी साधारण ३०-३५ अंडीं घालते. चार ते आठ दिवसांत अळी बाहेर पडते. ती प्रथम हिरवट करडी असते. पुढें कात टाकीत टाकीत काळसर होते व पाठीवर लांब पट्टे दिसूं लागतात. साधारणतः सात अवस्थांतून जाऊन १६ ते ३५ दिवसांत तिची पूर्ण वाढ होते. थंडींत हा काळ लांबतो. मग ती जमिनींत शिरून कोष करते. ऑक्टोबर ते मार्च हा हिचा हंगाम. उन्हाळा ती कोषांतच काढते.

खाद्य.— मोहरी, मुळा, कोबी, फुलकोबी, नवलकोल, सलगम हीं सर्व एकाच कुळांतलीं असून हिचा संसार याच कुळावर चालतो. सकाळीं व संध्याकाळीं ती पानें खाते, उन्हाच्या वेळीं लपते. तीन-चार पानांच्या रोपास धोका सर्वांत अधिक.

खूण.— पतंगाच्या अळीस पोटाखालीं मांसल पायांच्या फार तर पांच जोड्या असतात. हिला आठ असतात. शिवाय हात लागतांच ही वेटोळें करून खालीं पडते व मेल्याचें सोंग घेते. पाय मोजण्याचें हें काम पोरखेळ नव्हे. कोबीवरील पतंगासाठीं बाजारांत मिळणारी बॅसिलस थुरिंजिएन्सिस जंतूची नेहमींची भुकटी पतंगवर्गीय अळ्यांसाठींच आहे, हिच्यावर ती चालत नाहीं. कामगंध सापळेही विशिष्ट पतंगांपुरतेच असतात. तेव्हां न मोजतां खर्च केला, तर पैसा जातो आणि रोपही जातें.

उपाय.— (१) सकाळ-संध्याकाळ रोपाखालीं सूप धरून रोप हलवावें. सोंग घेऊन पडलेल्या अळ्या गोळा करून नष्ट कराव्या. (२) रोपें लहान असतां वाफ्यास पाणी भरावें. पुष्कळ अळ्या बुडून मरतात. (३) उन्हाळ्यांत नांगरट करून कोष उन्हांत व पक्ष्यांच्या दृष्टीस आणावे. (४) शंभर लिटर पाण्यास पांच किलो निंबोळीचा कुटलेला गर, या प्रमाणांत अर्क काढून फवारावा. (५) त्याच वाफ्यांत मोहरी कुळांतील पीक लागोपाठ घेऊं नये. जुन्या पुस्तकांत सांगितलेली बी. एच. सी. भुकटी मात्र वापरूं नये. तिजवर १९९७ सालीं बंदी आली आहे.

बागाईतदार बंधूंस आमची विनंती एवढीच कीं, औषधाच्या दुकानाची पायरी चढण्यापूर्वीं एक अळी तळहातावर घेऊन तिचे पाय मोजावे. या पाहणीस खर्च कांहींच नाहीं.