कारण शोधा, मगच पार्ट बदला



आपल्या समाजातील अनेक तरुण आयटीआयमधून मोटार मेकॅनिक होऊन बाहेर पडतात. कित्येक बांधव कर्ज काढून टॅक्सी चालवितात. गाडी पिकअप घेत नाही, झटके देते, डॅशबोर्डवर इंजिनचा दिवा लागतो. अशा वेळी स्कॅनरवर जो कोड येईल तो सेन्सर बदलण्याची घाई होते. दोष तसाच राहतो, पैसा जातो आणि बँकेचा हप्ता थकतो.

तथागतांनी कालामांना ऐकीव गोष्टीवर विसंबू नका, स्वतः पारखून घ्या, असा उपदेश केला. यंत्रालाही तोच नियम लागू पडतो. कोड ही तक्रार आहे, निवाडा नव्हे.

प्रथम दोन्ही सेन्सरांचे काम समजून घेऊ. एअर फिल्टरच्या पुढे मास एअरफ्लो सेन्सर असतो. त्यातील बारीक तापलेली तार येणाऱ्या हवेने थंड होते. ती तापलेली ठेवण्यास किती वीज लागते, यावरून हवेचे वजन कळते. थ्रॉटल सेन्सर हवेची झडप किती उघडली ते सांगतो. यावरून संगणक पेट्रोल ठरवितो. अनेक लहान पेट्रोल गाड्यांत एअरफ्लोऐवजी दाब मोजणारा मॅप सेन्सर असतो. म्हणून आधी गाडीचे मॅन्युअल पाहावे.

आता पी०१७१ हा कोड घेऊ. त्याचा अर्थ, मिश्रणात पेट्रोल कमी पडते. याची कारणे निरनिराळी असतात. सेन्सरच्या पुढील रबरी पाइप फाटला, तर न मोजलेली हवा आत शिरते. तार मळली, तर हवा कमी मोजली जाते. पेट्रोल पंपाचा दाब कमी असला तरी हाच कोड येतो. तेव्हा स्कॅनरवर फ्युएल ट्रिम पाहावा. आयडलिंगला जादा व रेस वाढविल्यावर कमी होत असेल, तर हवेची गळती शोधावी. लोड आल्यावर वाढत असेल, तर मळलेली तार किंवा पेट्रोलचा दाब तपासावा.

तपासणीचा क्रम असा ठेवावा :

१. एअर फिल्टर, पाइप, क्लॅम्प व कनेक्टर डोळ्यांनी पाहावेत.

२. किल्ली ऑन, इंजिन बंद ठेवून थ्रॉटल सेन्सरला ५ व्होल्ट व अर्थ मिळतो का, ते मल्टिमीटरने मोजावे. तेथेच पुरवठा नसेल तर दोष वायरिंगकडे आहे; सेन्सर बदलून उपयोग नाही.

३. केबलच्या थ्रॉटलमध्ये सिग्नल सामान्यतः बंद असता सुमारे ०.५ व पूर्ण उघडता ४.५ व्होल्टच्या आसपास असतो. पेडल सावकाश दाबावे. आकडा मध्येच तुटला तर सेन्सर झिजला समजावे. इलेक्ट्रॉनिक थ्रॉटलमध्ये दोन सिग्नल असतात. त्याची झडप किल्ली ऑन असता बोटाने ढकलू नये, इजा होते.

४. एअरफ्लोची तार कापडाने पुसू नये. त्यासाठीचाच स्प्रे वापरावा व पूर्ण वाळू द्यावा.

एवढ्यानंतरही दोष सेन्सरकडेच बोट दाखवील, तरच तो बदलावा.

कारण नाहीसे झाले की कार्य थांबते, ही धम्माची शिकवण आहे. जो मेकॅनिक ग्राहकाला दोषाचे कारण दाखवून पैसे घेतो, त्याची सम्यक आजीविका होते व त्याच्या गॅरेजवरचा विश्वासही टिकतो. आपल्या विद्यार्थ्यांनी मल्टिमीटर हाती घेऊन हा अभ्यास करावा, हीच सदिच्छा.

जय भीम!