सायलेन्सरची पट्टी गॅरेजपर्यंतच

घाटघर पाहून आम्ही शेंडीमार्गे राजूरकडे येत होतो. पाऊस असा, की काचा खाली करायची सोय नाही. गाडी धाकट्या भावाने नुकतीच घेतलेली, जुनी, पेट्रोलवरची. रंधा धबधब्याच्या अलीकडे मागे बसलेली ताई म्हणाली, "डोकं जड झालंय रे, मळमळतंय." वळणांचा रस्ता, गाडी लागली असेल, असे कुणालाही वाटावे. पण ताई वर्षानुवर्षे एसटीने विठा घाट चढते-उतरते, तिला कधी गाडी लागत नाही. शेजारचा भाचा, एरवी बोलून बोलून भंडावून सोडणारा, गप्प होऊन पेंगत होता. मागच्या सीटवरच्या दोघांना एकाच वेळी त्रास होतोय म्हटल्यावर भावाने गाडी कडेला घेतली, चारही दारे उघडली. मोकळ्या हवेत दोघांना जरा बरे वाटू लागले. मग काचा उघड्या ठेवून, भिजत राजूर गाठले. आधी डॉक्टर, नंतर गॅरेज.

गाडी वर उचलली तेव्हा सायलेन्सरच्या डब्याआधीच्या जोडावर काजळीचा पट्टा दिसला. आधी कुणीतरी तिथे नळाच्या गळतीवर लावतात तसली इपॉक्सीची लांबी थापली होती. उष्णतेने ती तडकून निम्मी गळली होती आणि उरलेल्या निम्मीने आवाज तेवढा दाबून धरला होता. मला सर्वात भीती याचीच वाटते. फुटका सायलेन्सर फडफडतो, म्हणून माणूस सावध होतो. अर्धवट ठिगळ आवाज घालवते आणि विषारी वायू तसाच ठेवते.

तो वायू म्हणजे कार्बन मोनॉक्साइड. त्याला रंग नाही, वास नाही. रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनपेक्षा २०० पटींहून अधिक घट्ट चिकटतो. धुराचा जो वास येतो तो इतर घटकांचा असतो, त्यामुळे वास नाही म्हणजे धोका नाही, असे समजू नका. बोटाला लावायचा साधा ऑक्सिमीटरही इथे फसवतो. हा वायू चिकटलेले रक्त त्याला ऑक्सिजनने भरलेले वाटते आणि आकडा चांगला दिसतो. साध्या हवेत रक्तातले याचे प्रमाण निम्म्यावर यायला चार-पाच तास लागतात, शुद्ध ऑक्सिजनवर साधारण तास-दीड तास. म्हणून गाडीत एकाहून अधिक जणांना डोकेदुखी, मळमळ, गरगर किंवा झापड आली आणि बाहेर उतरल्यावर उतार पडला, तर ते गाडी लागणे समजून सोडून देऊ नका. गरोदर बाई, लहान मूल, छातीत दुखणारा किंवा बोलताना गोंधळणारा माणूस असेल तर लगेच १०८ला फोन करा आणि डॉक्टरांना गाडीच्या धुराची शंका स्पष्ट सांगा.

आपल्या भागात सायलेन्सर सडायला वेळ लागत नाही. एक लिटर पेट्रोल जळताना साधारण एक लिटर पाणी तयार होते. लांबच्या प्रवासात ते वाफ होऊन बाहेर जाते. पण वाडीवरून राजूरच्या बाजारापर्यंतच्या छोट्या फेऱ्यांत पाइप पुरता तापत नाही, पाणी डब्यात साचते आणि पत्रा आतून गंजतो. बाहेरून चिखल, ओढ्याचे पाणी आणि गतिरोधकावर घासणारा तळ आहेच.

तात्पुरती पट्टी कुठे चालते, ते आधी ठरवा. कॅटॅलिटिक कन्व्हर्टरच्या मागे, बारीक भोक किंवा केसासारखी चीर असेल आणि आजूबाजूचा पत्रा टणक असेल, तरच. पाइप गार असताना स्क्रूड्रायव्हरच्या मुठीने ठोकून पाहा. भुसभुशीत वाजला तर पट्टीच्या नादी लागू नका. मेनिफोल्ड, जाळीचा लवचीक पाइप आणि ऑक्सिजन सेन्सरच्या पुढचा भाग यांवर ठिगळ मारू नये. इंजिनजवळ पाइप प्रचंड तापतो, तिथे ते टिकत नाही. शिवाय सेन्सरपुढच्या गळतीतून बाहेरची हवा आत ओढली जाते, सेन्सर फसतो, इंजिनात जास्त पेट्रोल सोडले जाते; अॅव्हरेज पडते आणि कन्व्हर्टरही खराब होतो.

गळती शोधायची ती उघड्यावर, इंजिन गार असताना. हँडब्रेक लावून गाडी चालू करा. सोबत्याने जाड ओले फडके क्षणभर मागच्या नळीवर दाबले, की जिथे फुसफुस ऐकू येते तिथे भोक. मग गाडी बंद करा. नुसत्या जॅकच्या भरवशावर गाडीखाली कधीही शिरू नका. खाली भक्कम स्टँड हवेतच.

पाइप पूर्ण गार झाल्यावर तारेच्या ब्रशने आणि पॉलिश पेपरने गंज खरवडा, तेलकटपणा पुसा. सायलेन्सरसाठीच मिळणारी उष्णतारोधक पेस्ट भोकात दाबून भरा. ती लावण्याआधी पाइप ओला करायचा की कोरडा, ते डबीवर वाचा. वरून सायलेन्सरसाठीची फायबरची पट्टी भोकाच्या दोन्ही बाजूंना पुरेल इतकी गुंडाळा, तिच्यावर पातळ पत्र्याचा तुकडा आणि दोन्ही टोकांना स्टीलच्या क्लिपा. रबर, प्लास्टिक, नळाची लांबी, कथिलाचा डाग यांपैकी काहीही चालत नाही. पेस्ट डबीवर लिहिलेला वेळ वाळू द्या, मग उघड्यावर गाडी मंद चालवून पट्टी तापवा आणि ओल्या फडक्याची चाचणी पुन्हा करा. बऱ्याच गाड्यांत डब्याच्या तळाला पाणी निथळायला कंपनीनेच बारीक छिद्र ठेवलेले असते. ते भोक समजून बुजवू नका.

पट्टीवर गाडी चालवताना पाऊस असला तरी सगळ्या काचा थोड्या उघड्या ठेवा. डिकी मात्र घट्ट बंद हवी, कारण उघड्या डिकीतून मागचा धूर आत ओढला जातो. उभ्या गाडीत इंजिन आणि एसी चालू ठेवून कुणाला झोपू देऊ नका. मुलांना आणि आजारी माणसांना त्या गाडीत बसवूच नका. राजूरहून अकोल्याला, संगमनेरला एसटी आहे.

आमच्या गाडीला राजूरच्या गॅरेजवाल्याने अशीच पट्टी बांधून दिली आणि बजावले, "दादा, ही संगमनेरपर्यंतची आहे, दिवाळीपर्यंतची नाही." भाऊ एकटाच, काचा उघड्या ठेवून गाडी घेऊन गेला. तिथे सडलेला तुकडा कापून नवा पाइप जोडला. वेल्डिंग करायच्या आधी बॅटरीची निगेटिव्ह वायर काढायला सांगा, नाहीतर गाडीचा कॉम्प्युटर जळू शकतो.

पट्टीच्या पेस्टला लागतात थोडे पैसे, नव्या पाइपला बरेच जास्त. हा फरक वाचवायचा मोह प्रत्येक घरात होतो, आणि पट्टी टिकली की तो वाढतो. म्हणून पट्टी बांधायच्या आधी वेल्डरला फोन लावून वार नक्की करा. वार ठरत नसेल, तर गाडी उभी ठेवा.