हरवलेली, निघून गेलेली, नेलेली : मुलांच्या आकड्यांचा अर्थ लावताना



सप्टेंबरमध्ये हरेगावला मतमाउलीची यात्रा भरते तेव्हा तिथला लाउडस्पीकर क्वचितच गप्प असतो. अमुक रंगाचा शर्ट घातलेले लहान मूल सापडले आहे, आईवडिलांनी घेऊन जावे, अशी सूचना होते. थोड्या वेळाने रडवेली आई धावत येते आणि मूल कडेवर घेऊन जाते. याला आपण हरवणे म्हणतो. दहावीचा निकाल लागला, घरी जायची भीती वाटली म्हणून एखादा मुलगा श्रीरामपूरच्या स्टेशनवर, ज्याला रेल्वेने बेलापूर हे नाव दिले, तिथे मनमाडकडे जाणाऱ्या गाडीत बसतो. तो हरवलेला नसतो, निघून गेलेला असतो. आणि नोकरीचे किंवा लग्नाचे आमिष दाखवून ज्या मुलीला कोणी परमुलखात पोचवते, तिला नेलेले असते. तीन क्रियापदे, तीन वेगळी दुःखे. सरकारी तक्त्यात मात्र ही तिन्ही मुले बहुधा एकाच रकान्यात बसतात, आणि तो रकाना मोबाइलवर आपल्यापर्यंत येतो तेव्हा त्याचे एकच वाक्य झालेले असते : मुले पळवणारी टोळी आली आहे.

या वाक्याने काय होते ते आपण महाराष्ट्रात पाहिले आहे. १ जुलै २०१८ रोजी, रविवारच्या आठवडे बाजाराच्या दिवशी, धुळे जिल्ह्यात साक्री तालुक्यातल्या राईनपाडा गावी भिक्षा मागून जगणाऱ्या पाच जणांना जमावाने मुले पळवणारे समजून ठार मारले. ते मंगळवेढ्याकडचे, नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे होते. एप्रिल २०२० मध्ये पालघर जिल्ह्यातल्या गडचिंचले येथे दोन साधू आणि त्यांचा गाडीचालक अशाच अफवेचे बळी ठरले. सप्टेंबर २०२२ मध्ये सांगलीच्या जत तालुक्यात उत्तर प्रदेशातून आलेल्या चार साधूंना मारहाण झाली. २०१८ साली देशभर फिरलेल्या चित्रफितींपैकी एक तर कराचीतल्या एका संस्थेने मुलांच्या सुरक्षिततेसाठी केलेली जाहिरात होती. मोटारसायकलवरचे लोक मूल उचलतात आणि शेवटी ते परत आणून सोडतात, अशी ती होती. शेवट कापून कोणीतरी ती पुढे पाठवली.

म्हणून आकडे नीट वाचायला शिकणे हे आम्हांला धर्मकर्तव्याइतकेच महत्त्वाचे वाटते. राष्ट्रीय गुन्हे नोंदणी विभागाच्या अहवालानुसार २०२२ साली देशात ८३,३५० मुले बेपत्ता झाल्याची नोंद झाली. वर्षातल्या मिनिटांना या संख्येने भागले की 'दर सहा मिनिटांना एक मूल' हे वाक्य तयार होते. ते खोटे नाही. पण देशात अठरा वर्षांखालील मुले चाळीस कोटींहून अधिक आहेत, म्हणजे दहा हजारांमागे साधारण दोन मुलांची नोंद झाली, हेही त्याच आकड्यातून निघते. पहिले वाक्य ऐकून आपण दाराला कडी लावतो, दुसरे ऐकून हुश्श म्हणतो. दोन्हींतून ते मूल का गेले हे कळत नाही.

त्याच वर्षी ८०,५६१ मुले सापडली. कोणी घाईने वजाबाकी करील आणि म्हणेल, राहिली फक्त २,७८९. ही वजाबाकी चुकीची आहे. सापडलेल्यांत आधीच्या वर्षांत गेलेली मुलेही असतात. जुनी शिल्लक धरली तर २०२२ च्या अखेरीस न सापडलेली मुले ४७ हजारांवर होती, आणि त्यांतल्या दर दहांपैकी सात मुली होत्या. उलट या ४७ हजारांतली काही मुले घरी येऊन शाळेतही जाऊ लागली असतील; घरच्यांनी पोलिसांना कळवले नाही म्हणून नाव तसेच राहते. आकडा कधी फुगलेला असतो, कधी आक्रसलेला, आणि कधी एकाच वेळी दोन्ही.

आता आपल्या वर्तमानपत्रांत नेहमी दिसणारे वाक्य घ्या : अल्पवयीन मुलीला अज्ञात इसमाने अज्ञात कारणासाठी फूस लावून पळवून नेले. नगर जिल्ह्याच्या पानावर अशी बातमी वरचेवर असते. वाचणाऱ्याच्या डोळ्यांसमोर काळ्या काचांची गाडी उभी राहते. खरे तर हे वाक्य पुष्कळदा कायद्यातून आलेले असते. निठारीला २००६ च्या अखेरीस मुलांचे सांगाडे सापडले तेव्हा उघड झाले की आईबाप महिनोन्महिने पोलीस चौकीवर जात होते आणि मुले स्वतःच पळाली असतील असे म्हणून त्यांना परत पाठवले जात होते. पुढे १० मे २०१३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने 'बचपन बचाओ आंदोलन' या संस्थेच्या याचिकेवर आदेश दिला की मूल बेपत्ता असल्याची तक्रार आली की गुन्हा नोंदवायचाच, आणि अपहरण किंवा मानवी व्यापार झाला आहे असे सुरुवातीला गृहीत धरूनच तपास करायचा. तेव्हापासून रागाने मामाच्या गावी गेलेला मुलगाही कागदोपत्री 'अपहृत' असतो. पूर्वी हे भारतीय दंड संहितेच्या ३६३ कलमाखाली होई, १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेच्या १३७ व्या कलमाखाली होते. २०१३ नंतर अपहरणाचे आकडे चढलेले दिसतात त्याला हेही एक मोठे कारण आहे. आदेश अगदी योग्य आहे असे आमचे मत आहे. शंभर मुले परत येणार असली तरी एकशे एकावे कोणते, हे पहिल्या रात्री कोणालाच माहीत नसते.

मग मुले खरोखर जातात कशी? रेल्वे सुरक्षा दलाच्या 'नन्हे फरिश्ते' मोहिमेच्या नोंदींत याचा थोडा उलगडा होतो, कारण तिथे क्रियापदे वेगळी ठेवली आहेत. २०१८ साली दलाने १७,११२ मुले ताब्यात घेऊन सुखरूप ठिकाणी पोचवली. त्यांपैकी १३,१८७ घरातून निघून आलेली होती. २,१०५ बेपत्ता म्हणून नोंदलेली, १,०९१ सोबतच्यांपासून चुकामूक झालेली. पळवून आणलेली ८७. म्हणजे शंभरातली सत्याहत्तर स्वतःच्या पायांनी आली होती आणि दोनशेत जेमतेम एकाला कोणी पळवले होते. हे फक्त रेल्वेपुरते आहे हे खरे, एस.टी.ने किंवा मोटारसायकलवर गेलेली मुले यात नाहीत. तरीही ज्याची आपल्याला सर्वांत जास्त भीती वाटते तो अनोळखी माणूस या यादीत फार खाली आहे, आणि सर्वांत वर आपली स्वतःची घरे आहेत.

मुंबईत येशूसंघीयांनी १९६२ साली स्नेहसदन सुरू केले आणि सालेशियन धर्मगुरूंनी १९८७ साली वडाळ्याला शेल्टर डॉन बॉस्को उघडले, ते अशाच मुलांसाठी. गाव सोडून गाडीत बसलेले पोर दादरला किंवा व्ही.टी.ला उतरले की पुढे काय, हा त्यांचा प्रश्न होता. आपल्या भागातील वडीलधाऱ्यांना विचारा, मिशनच्या बोर्डिंगमधून रात्री पळून पायी घर गाठणाऱ्या पोरांच्या गोष्टी ते हसत सांगतील. त्या पोरांना जायला घर होते म्हणून ती गोष्ट हसण्यावारी गेली. घरातूनच जो पळतो त्याने कुठे जावे?

मुलींचे वेगळे आहे. २०२२ च्या त्या ८३,३५० मध्ये ६२,९४६ मुली होत्या, म्हणजे चारांत तीन. यांतल्या पुष्कळ जणी सोळा-सतरा वर्षांच्या असतात आणि ओळखीच्या मुलाबरोबर गेलेल्या असतात. अशी मुलगी स्वखुशीने गेली तरी कायदा तिची संमती मानत नाही, आणि संबंध आला असेल तर २०१२ च्या पॉक्सो कायद्याखाली मुलावर गुन्हा दाखल होतो. एकोणीस-वीस वर्षांचा तो मुलगाही कुठल्या तरी घरचा, कदाचित आपल्याच धर्मग्रामातला असतो. दोन घरे एकदम मोडतात. पण 'स्वतःच गेली' म्हणजे 'सुखात आहे' असे समजणे ही सर्वांत घातक चूक. प्रेमाचे नाव सांगून नेलेली मुलगी पुढे विकली जाते, हे घडते. अहिल्यानगरात १९८९ पासून स्नेहालय या संस्थेचे काम उभे राहिले ते शरीरविक्रयात अडकलेल्या स्त्रिया आणि त्यांच्या मुलांच्या प्रश्नातून. तेव्हा हा प्रश्न आपल्या जिल्ह्याबाहेरचा आहे असे कोणी म्हणू नये.

आणखी एक गोष्ट आम्हांला स्पष्ट लिहिली पाहिजे. मुलगी 'पळून जाईल' या धास्तीनेच तिचे पंधराव्या-सोळाव्या वर्षी लग्न उरकणारी घरे आहेत. पाथर्डी-शेवगावकडची ऊसतोडीला जाणारी कुटुंबे दिवाळीनंतर कोयता घेऊन निघतात तेव्हा वयात आलेली मुलगी मागे कोणाजवळ ठेवायची हा प्रश्न खराच असतो. पण ते लग्न २००६ च्या कायद्याने गुन्हा आहे, आणि त्या लग्नातून पळणारी मुलगी पुन्हा त्याच तक्त्यात येऊन बसते.

आकडा कसा वाचावा याचे एक उदाहरण शिर्डीचे. एका यात्रेकरूची पत्नी तिथून २०१७ साली नाहीशी झाली. पतीने उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठात दाद मागितली, आणि २०१९ च्या डिसेंबरात न्यायालयाने शिर्डीतून वर्षभरात ८८ माणसे बेपत्ता झाल्याचे नमूद करून मानवी व्यापाराच्या दिशेनेही तपास करायला सांगितले. देशभर मथळे झाले. ते ८८ सर्व वयांचे होते, आणि बेपत्ता झालेले पुष्कळ जण नंतर सापडत होते, हे मथळ्यांत मावले नाही. २०२० च्या अखेरीस ती स्त्रीही जिवंत सापडली. न्यायालयाने विचारले ते बरोबरच केले. न विचारता टोळीचे नाव घेणारे चुकले.

लूककृत शुभवर्तमानाच्या दुसऱ्या अध्यायात पवित्र कुटुंबावरही ही वेळ येते. बारा वर्षांचा येशू यरुशलेममध्ये मागे राहतो. मरिया आणि योसेफ यांना वाटते, बरोबरच्या नातेवाइकांत असेल, आणि दिवसभराची वाट चालून होते. मग ते मागे फिरतात आणि तिसऱ्या दिवशी तो मंदिरात सापडतो. मरिया आधी प्रश्न विचारते, आपल्याला किती त्रास झाला ते सांगते, आणि त्याचे उत्तर ऐकून घेते. ते उत्तर त्या दोघांनाही समजले नाही, हे लूक लपवत नाही. इतक्या पवित्र घरातही बारा वर्षांचे मूल पूर्ण समजले नव्हते, ही आईबापांना धीर देणारी गोष्ट आहे. 'असेल कुठे तरी मित्रांकडे' यात गेलेला तो एक दिवस मात्र आपल्याला परवडणारा नाही.

चोवीस तास थांबायचे असा कोणताही नियम नाही. मूल दिसत नाही म्हटले की त्याच संध्याकाळी जवळच्या कोणत्याही पोलीस ठाण्यात जावे; हद्द आमची नाही म्हणून परत पाठवता येत नाही. अलीकडचा फोटो, अंगावरचे कपडे, मित्रमैत्रिणींचे फोन नंबर बरोबर न्यावेत. वयासाठी शाळेचा किंवा ग्रामपंचायतीचा जन्माचा दाखला लागतो. बाप्तिस्म्याच्या दाखल्यावर भागत नाही, ऑफिसात तो मागायला येण्यात वेळ घालवू नये. १०९८ हा क्रमांक १९९६ साली मुंबईत सुरू झाला, आता तो सरकार चालवते. तो किंवा ११२ फिरवावा. रेल्वेचा संशय असेल तर १३९. गुन्ह्याची प्रत मागून घ्यावी. चार महिन्यांत शोध लागला नाही तर तपास मानवी व्यापारविरोधी कक्षाकडे जायला हवा, हेही लक्षात ठेवून विचारत राहावे. मुलगी असेल तर अब्रूच्या भीतीने दोन दिवस गप्प बसणारे पालक आम्ही जाणतो. त्या दोन दिवसांत गाडी कुठल्या कुठे गेलेली असते.

आणि मूल सापडले म्हणजे काम संपत नाही. त्याला चोवीस तासांच्या आत बालकल्याण समितीपुढे नेतात. ती शिक्षा नसते, समिती मुलाला एकटे विचारते की घरी जायचे आहे का, आणि का नाही. तो नाही म्हणाला तर आईबापांनी रागावू नये, ऐकावे. लूकच्या पंधराव्या अध्यायातला धाकटा मुलगा घरी येताना वाटेत माफीचे वाक्य पाठ करून येतो. बाप ते पूर्ण होऊच देत नाही, झगा आणायला सांगतो. कुरकुरतो तो थोरला भाऊ, आणि मिस्सानंतर देवळाच्या पायरीवर 'कुठे गेली होती हो तुमची?' असे विचारणारे आपण त्याच्याच रांगेतले. मूल स्वतःहून घरी आले असेल तर पोलीस ठाण्यात जाऊन तसा जबाब द्यावा आणि नोंद बंद करून घ्यावी, नाहीतर त्याचे नाव त्या ४७ हजारांत तसेच राहते आणि जे अजून खरोखर बाहेर आहे त्याच्या शोधातला पोलिसांचा वेळ जातो.