अगोदर पोट्टे मोजा

वर्धा जिल्ह्यातलं केळझर आमच्या शाळेपासून तासाभराच्या आत. टेकडीवर विदर्भाच्या अष्टविनायकांतला सिद्धिविनायक, जुन्या किल्ल्याचे अवशेष आणि भीमानं बकासुराला मारलं त्या एकचक्रा नगरीची कथा. इतकं ओळखीचं ठिकाण, म्हणून मी काहीच तयारी न करता सहल नेली. आठवीची 42 मुलं, आम्ही तीन शिक्षक.

बकासुराची गोष्ट रंगात आली होती. मागे बसलेल्या कुणीतरी झाडावरच्या आग्या मोहोळाला दगड मारला. मुलं वाट फुटेल तिकडे पळाली. नावांची यादी पिशवीत, मोबाईलही पिशवीत आणि पिशवी त्याच झाडाखाली. पायथ्याशी प्रसादाच्या दुकानातले आजोबा ओरडले, "गुरुजी, अगोदर पोट्टे मोजा!"

तीनदा मोजली. 41.

बेचाळिसावा वीस मिनिटांनी झुडपाआड सापडला. ओठ सुजलेले, धाप लागलेली. दवाखान्यात इंजेक्शन मिळालं, म्हणून वाचला. मधमाशी चावली की त्याला त्रास होतो, हे त्याच्या आईला ठाऊक होतं. मी विचारलं नव्हतं. मोहोळाचंही तेच. आजोबा म्हणाले, "महिनाभरापासून हाये थे. इचारलं असतं तं सांगतलं असतं."

तेव्हापासून मी एवढंच सांगतो: धोका कुणाला तरी आधीच ठाऊक असतो. त्या माणसाला गाठून विचारा आणि ते लिहून काढा.

सहलीच्या आठ दिवस आधी स्वतः जा. मुलं जातील त्याच वाटेनं, त्याच वेळी. पुजारी, दुकानदार, गुराखी यांना मोहोळ, साप, उघड्या विहिरींबद्दल विचारा. बोर व्याघ्र प्रकल्पाकडे वळणार असाल तर वनविभागाला विचारा. पालकांकडून ॲलर्जी, दमा, फिट आणि चालू औषधं लिहून घ्या.

मग प्रत्येक धोक्यापुढे तीन रकाने आखा: होऊ नये म्हणून काय, झालंच तर काय आणि ते करणार कोण. तिसऱ्या रकान्यात 'सर्व शिक्षक' असं लिहू नका, एकच नाव लिहा. मोहोळाचंच घ्या. अत्तर, धूर, दगड नको. माश्या उठल्याच तर तोंड झाकून लांब पळायचं, गाडीत किंवा खोलीत शिरायचं. पाण्यात उडी मारायची नाही. काटा नखानं लगेच खरवडून काढायचा. ओठ-जीभ सुजली किंवा धाप लागली, तर घरगुती उपायांत वेळ न घालवता 108 ला फोन करायचा. अशा वेळी ॲड्रेनॅलिनचं इंजेक्शन लागतं. यादीच्या तीन प्रती तीन शिक्षकांच्या खिशात हव्यात. गाडी आणि चालक शेवटपर्यंत जागेवर हवेत. आणि मोजणी प्रत्येक थांब्यावर, निघताना आणि पोचल्यावर.

एका शिक्षकाला 'थांबा' म्हणण्याचा अधिकार आधीच देऊन ठेवा. त्याचा शब्द मुख्याध्यापकांनीही मानायचा. पाण्याजवळ तर हे हवंच. 1 फेब्रुवारी 2016 रोजी मुरुडच्या समुद्रात सहलीला आलेले पुण्याचे 14 विद्यार्थी बुडाले, हे विसरू नका.

केळझरच्या त्या दिवसानंतर काहींनी सहलीच बंद करा म्हटलं. ते मला पटलं नाही. 1937 साली गांधीजींच्या नयी तालीमचा, म्हणजे कामातून शिकण्याचा, विचार ज्या वर्ध्यात मांडला गेला, तिथल्या मुलांना चार भिंतींत कोंडून कसं चालेल?

पुढच्या वर्षी आठ दिवस आधी मी एकटाच केळझरला गेलो. देवळात जाण्याआधी आजोबांच्या दुकानात बसलो, वही उघडली आणि विचारलं, "यंदा वर काय काय हाये जी?"